टोकियोच्या गर्दीत आईला एकही धक्का लागला नाही, पण बसायला जागाही कोणी दिली नाही. असं का?

ओवी

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही चौघं आठ दिवस टोकियोला होतो. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ७१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, हातात घडीची काठी असते, जिना उतरताना ती दर पायरीवर दोन्ही पाय टेकवते. त्यामुळे आम्ही टोकियो बघितलं ते आईच्या चालीने. काय काय पाहिलं याची यादी देत नाही. मनात दोन-तीन गोष्टी अडकून बसल्यात, त्या तिथे राहिलेल्या कोणी समजावून सांगाव्यात म्हणून हा धागा.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही शिंजुकु स्टेशनात शिरलो. जगातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन, दिवसाला तीस लाखांहून जास्त माणसं, बाहेर पडायचे दोनशेहून जास्त रस्ते, हे सगळं वाचून गेले होते. वाचणं वेगळं आणि आईचा दंड धरून त्यात उभं राहणं वेगळं. एका मोठ्या बोळात आईच्या काठीचं खालचं रबर निसटलं आणि ती जागच्या जागी थांबली. मागून माणसांचा लोंढा येत होता. मी तिच्या पाठीशी आडवी उभी राहिले, म्हटलं आता कोणीतरी आदळणार. नवरा खाली बसून रबर बसवत होता. मागचा माणूस थांबला नाही, त्याने खांदा तेवढा तिरका केला आणि पुढे गेला. त्याच्या मागच्याने तेच केलं, त्याच्या मागच्या बाईनेही. मी मोजायला लागले. चाळीसपर्यंत मोजलं. एकाचीही बॅग आईला लागली नाही. आणि चाळिसातल्या एकानेही तिच्याकडे बघितलं नाही. त्रासून नाही, कौतुकानेही नाही.

आठ दिवस हेच. आई सावकाश चालली म्हणून कोणी मागून जीभ चुकचुकली नाही. गाडीच्या दारातही तेच. उएनो स्टेशनला उतरताना दारापाशी निळ्या कोटातली एक मुलगी उभी होती. आम्हाला वाट मिळावी म्हणून ती आधी स्वतः फलाटावर उतरली, दाराच्या बाजूला सरकून उभी राहिली, आई दोन्ही पाय टेकवत खाली आली, मग ती परत आत चढली. तिला उएनोला उतरायचंच नव्हतं. मला ते फार लागून राहिलं.

पण त्याच प्रवासातली दुसरी गोष्ट. ओत्सुकाला आमचं हॉटेल होतं. ओत्सुका ते उएनो सात स्टेशनं. सकाळचे साडेदहा वाजले असतील, डबा भरलेला होता पण चेंगराचेंगरी नव्हती. वृद्धांसाठी राखीव जागा असतात तिथे आम्ही आईला नेलं. तीन तरुण मंडळी बसली होती. दोघं फोनमध्ये, एक झोपलेला. काठी दिसत होती, आई दिसत होती. कोणी उठलं नाही. आम्ही डब्याच्या मधल्या भागात सरकलो. आई वरचं कडं धरून उभीच राहिली. मला खरंच वाईट वाटलं, रडू यायचं बाकी होतं. आई म्हणाली, "राहू दे गं, दमले असतील बिचारे."

जी माणसं गर्दीत आईला एवढी जपतात ती तिला बसायला जागा का देत नाहीत? की जपणं वगैरे काही नसतं, फक्त अंगाला अंग लागू द्यायचं नाही एवढाच नियम असतो?

आणखी थोडं, जमल्यास सांगा:

माझ्या मुलाहून लहान मुलं पिवळी टोपी घालून, पाठीवर ते कडक चामडी दप्तर घेऊन एकटी गाडीत चढत होती. माझा मुलगा टक लावून बघायचा. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "यांच्या आया कुठे असतात?"

फलाटावर पक्षी ओरडायचे, पण पक्षी कुठेच दिसले नाहीत.

संध्याकाळी पाच वाजता ओत्सुकाच्या गल्ल्यांमध्ये कुठून तरी लहान मुलांच्या गाण्यासारखी धून वाजायची. आई रोज त्या वेळी खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

आणि कचरापेट्या. मुलाच्या खिशात आठ दिवसांत चॉकलेटचे कागद साठले.

पश्चिमकासाई

ओवी, तुमचा प्रश्न आवडला. मी चौदा वर्षं टोकियोत आहे, निशि-कासाईला राहतो आणि रोज तोझाई लाइनने कामाला जातो.

पहिलं म्हणजे, तुम्ही सकाळी आठच्या तोझाईत आईंना चढवलं असतंत तर धक्के बसले असते, आणि चांगले बसले असते. इथे गर्दी टक्क्यांत मोजतात. १०० टक्के म्हणजे बसायला जागा किंवा धरायला कडं प्रत्येकाला आहे. १५० म्हणजे पेपर पसरून वाचता येतो. १८० म्हणजे घडी घालून कसाबसा. २०० ला अंगावर अंग दाबलं जातं. किबा ते मोनझेन-नाकाचो हा आमचा टप्पा २०१९ साली १९९ टक्क्यांवर होता. तेव्हा पांढऱ्या हातमोज्यांचे कर्मचारी पाठीला हात लावून आत सारायचे, ते मी रोज अनुभवलंय. त्या वेळी कोणी कोणाला जपत नाही. कारण जपायला हात हलवावा लागतो आणि तो हलत नाही. म्हातारी माणसं त्या तासात बाहेर पडायचं टाळतात. तुम्ही साडेदहाला निघालात ते उत्तम केलंत.

एरवी धक्के का बसत नाहीत याचं मला सुचलेलं कारण स्वभावापेक्षा गाड्यांत जास्त आहे. यामानोते ही गोल फिरणारी लाइन. ३० स्टेशनं, ३४.५ किलोमीटर, एका फेरीला साधारण तास. दर तीन-चार मिनिटांनी गाडी येते. ही चुकली तर पुढची समोर दिसत असते. ज्याला गाडी चुकण्याची भीती नाही तो तुमच्या आईंच्या मागे दोन क्षण थांबू शकतो. शिवाय फलाटावर रांग कुठे लावायची त्याच्या रेघा आहेत, जिन्यावर चढायची बाजू आणि उतरायची बाजू यांचे बाण आहेत. माणूस लहानपणापासून त्या बाणांवरून चालतो, मग बाण नसतील तिथेही तसाच चालतो.

त्यांनी आईंकडे बघितलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. इथे अडचणीत असलेल्या अनोळखी माणसाकडे बघणं म्हणजे त्याला आणखी अवघडवणं, असं मानतात. मला पहिली दोन वर्षं ते फार कोरडं वाटायचं. नंतर एकदा ऑफिसातून घरी येताना मला गाडीत रडू आलं, घरून वाईट बातमी आली होती. अख्ख्या डब्यात एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

आता जागेचं. ही तक्रार खरी आहे आणि जपानी लोकही ती करतात. राखीव जागांची सुरुवात १९७३ साली झाली, १५ सप्टेंबरला, म्हणजे तेव्हाच्या ज्येष्ठांच्या सन्मानाच्या सुट्टीदिवशी, चुओ लाइनवर. इतर जागांहून वेगळं दिसेल असं कापड हवं होतं. शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, आसनांचं चंदेरी कापड शिल्लक होतं, तेच लावलं. म्हणून त्या जागांना लोक सिल्व्हर सीट म्हणू लागले. पुढे गरोदर बायका, आजारी, अपंग सगळ्यांसाठी त्या आहेत हे कळावं म्हणून नाव बदललं, आता 'अग्रक्रमाच्या जागा' असा अर्थ होतो. पण अग्रक्रमाच्या म्हणजे सक्तीच्या नाहीत. कोणाला उठवायचा अधिकार नाही.

तरुण उठत नाहीत त्यात आळस आणि फोन आहेच, मी त्यांची बाजू घेत नाही. पण आणखी एक गोष्ट आहे. इथले ज्येष्ठ जागा दिली तर अनेकदा नको म्हणतात. "मी काय एवढा म्हातारा दिसतो का" असं वाटून काही जण चक्क दुखावतात. मी स्वतः दोनदा उठलो आणि दोनदा नकार घेऊन परत बसलो, सगळ्या डब्यासमोर. तिसऱ्यांदा पाय उचलत नाही. म्हणून ज्यांना मनापासून जागा द्यायची असते ते काही न बोलता उठतात आणि आपलं स्टेशन आल्यासारखे दारापाशी जाऊन उभे राहतात. समोरच्याला आभार मानायची गरज नाही, नकार द्यायचीही गरज नाही. बसायचं तर बसा. परक्या माणसाला ते कळतच नाही, हा त्यातला दोष.

पुढच्या वेळी एक करा. टोकियो महानगर सरकारने २०१२ साली एक लाल पट्टा काढला, त्यावर पांढरं अधिकचं चिन्ह आणि हृदय असतं. गुडघा, हृदयाचा त्रास, वरून न दिसणारं कुठलंही दुखणं असेल तर तो बॅगेला लावायचा. तोएई भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर फुकट मिळतो. तो दिसला की विचारायची भीड उरत नाही, उठणाऱ्याचीही.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात.

पाचची धून ही आपत्तीच्या सूचना देणाऱ्या भोंग्यांची आहे. भूकंप झाला तर त्याच भोंग्यांवरून सांगतात. ते चालू आहेत की नाहीत हे रोज तपासायला एक धून वाजवतात, आणि मुलांनी खेळ आवरून घरी जावं हाही हेतू असतो. थंडीत अंधार लवकर पडतो तेव्हा बऱ्याच भागांत साडेचारला वाजते. माझी मुलगी ती ऐकली की अजूनही चालीचा वेग वाढवते.

कचरापेट्या १९९५ पर्यंत होत्या. त्या वर्षी २० मार्चला एका पंथाने भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला, त्यानंतर पेट्या हलवल्या गेल्या. पेयांच्या यंत्राशेजारी गोल भोकांची पेटी असते ती फक्त बाटल्या आणि डब्यांसाठी. कागद खिशातच ठेवायचे, तुमच्या मुलाने बरोबर केलं.

पिवळी टोपी म्हणजे पहिलीतलं मूल. इथे शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, तुम्ही पाहिलीत ती एकटं जायला लागून आठवडाही झाला नसेल. यांच्या आया कुठे असतात, तर पहिले काही दिवस बऱ्याच जणी चार पावलं मागे असतात. माझी बायको होती. दप्तराच्या पट्ट्याला एक भोंगा असतो, दोरी ओढली की कर्कश वाजतो. शाळेचा रस्ता ठरवून दिलेला असतो आणि चौकात झेंडा घेऊन आजोबा-आजी उभे असतात. मूल एकटं चालतं ते रस्त्यावरच्या इतक्या लोकांच्या भरवशावर.

पक्ष्यांचं दुसऱ्या कोणी सांगावं, मला नीट माहीत नाही.

कानोसा

पक्ष्यांचं मी सांगते.

मला दिसत नाही. हा धागा मी स्क्रीन रीडरवर ऐकतेय. २०१८ च्या शरदात भाऊ-वहिनींबरोबर टोकियोला गेले होते.

ते पक्षी ध्वनिमुद्रित आहेत. फलाटावरून बाहेर जायच्या जिन्यावर ते बसवलेले असतात. पक्षी ऐकू आला की जिना तिथे. तिकिटाच्या फाटकाशी दोन सुरांची घंटा वाजते, पिंऽपोंऽ, पिंऽपोंऽ, थांबून थांबून. तिसऱ्या दिवसापासून मी भावाला सांगायला लागले की फाटक डावीकडे आहे, आणि तो पाट्या शोधत बसायचा. रस्ता ओलांडतानाही दोन आवाज असतात. एका दिशेच्या सिग्नलला कोंबडीच्या पिलाचा, आडव्या दिशेच्या सिग्नलला कोकिळकुळातल्या एका पक्ष्याचा, कक्को. कुठला वाजतोय त्यावरून कळतं की आपण कुठल्या रस्त्याला तोंड करून उभे आहोत. अनोळखी शहरात मला आपली दिशा आपल्याला कळण्याचा अनुभव तोवर कधी आला नव्हता.

आणि पायाखालच्या पिवळ्या फरशा. ओवी, तुमच्या आईंच्या काठीला त्या लागल्या असतील. लांब रेघांची फरशी म्हणजे चालत राहा. टिंबांची फरशी म्हणजे थांब, पुढे जिना आहे, वळण आहे, नाहीतर फलाटाची कड आहे. ही कल्पना मियाके सेइइची या ओकायामाच्या माणसाची. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जात होती, त्याच्यासाठी १९६५ मध्ये त्यांनी ही फरशी तयार केली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. आज ती जगभर आहे. फलाटाच्या कडेला टिंबांच्या बाजूने एक जास्तीची रेघ असते. रेघ ज्या बाजूला ती फलाटाची आतली बाजू, म्हणजे रूळ दुसरीकडे. ही रेघ पायाला लागली तेव्हा मी तिथेच उभी राहून दोन-तीनदा पाय फिरवून पाहिला. कोणीतरी बसून हा विचार केला होता की इथे माणूस गोंधळेल, त्याला कुठली बाजू हे कळायला हवं.

सगळं छान होतं असं नाही. सिग्नलचे आवाज रात्री बऱ्याच ठिकाणी बंद करतात, शेजारी राहणाऱ्यांना त्रास होतो म्हणून. नेमकं जेव्हा रस्त्यावर विचारायला माणूस नसतो तेव्हा. एकदा रात्री मी भावाचा हात सोडून एका चौकात उभी राहिले आणि सगळीकडे नुसती शांतता. ती शांतता मला मुळीच आवडली नाही.

सहलीला जाणाऱ्या सगळ्यांना हात जोडून एक विनंती. पिवळ्या पट्टीवर बॅगा ठेवू नका. स्टेशनात माझी काठी सगळ्यात जास्त वेळा आपटली ती प्रवाशांच्या चाकांच्या बॅगांवर.

सोनचाफा

ओवीताई, मी ऑक्टोबरमध्ये सासूबाईंना घेऊन जातेय, त्यांचंही गुडघ्याचंच आहे. लिफ्ट सगळीकडे असतात का? आणि शाकाहारी खाण्याचं काय केलंत?

पश्चिमकासाई

सोनचाफा, लिफ्ट जवळजवळ सगळ्या स्टेशनांवर आहे, पण बहुतेकदा फलाटाच्या एका टोकाला एकच. आणि बाहेर पडायच्या वीस दारांपैकी लिफ्ट एखाद्याच दाराला. त्यामुळे आधी लिफ्टचं दार कुठलं ते बघा, मग त्या अंगाच्या डब्यात चढा. उलटं केलंत तर सासूबाईंना अख्खा फलाट चालावा लागेल. चाकाची खुर्ची असेल तर फाटकावर सांगा, कर्मचारी फळी घेऊन येतो आणि तुम्ही उतरणार त्या स्टेशनला फोन करून ठेवतो, तिथे दुसरा फळी घेऊन उभा असतो. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. चालायचंच नाही, दोन्ही बाजूंना उभं राहायचं, असं सांगणं आता सुरू आहे. सैतामा प्रांताने तर २०२१ पासून तसा नियमच केलाय. पण सवय मोडलेली नाही, तेव्हा सासूबाई डावीकडे.

खाण्यासाठी वेगळा धागा काढा, माशाच्या अर्कावर लिहायला बसलो तर हा विषय राहील बाजूला.

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. कानोसा, तुमचा प्रतिसाद मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, आपण परत गेलो की डोळे मिटून बघू या.

काठीवरून आठवलं ते सांगायलाच हवं. पाचव्या दिवशी संध्याकाळी ओत्सुकाला उतरलो आणि फाटकाशी आलो तर आईचे दोन्ही हात मोकळे. काठी गाडीतच राहिली. आईचा चेहरा उतरला. महागाची नाही, पण तिची सवयीची. फाटकावरच्या माणसाला भाषांतराच्या यंत्रातून सांगितलं. त्याने एक कागद काढला आणि विचारलं: किती वाजता उतरलात? कितवा डबा? कितवं दार?

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. मुलगा म्हणाला, "सहा नंबरचा डबा, तीन नंबरचं दार." फलाटावर जमिनीवर डब्याचे आणि दारांचे आकडे लिहिलेले असतात. जपानी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, आकडे येत होते, म्हणून आठ दिवस तो दिसेल तो आकडा वाचत सुटला होता. त्या माणसाने मान डोलावून ते लिहिलं, मुलाकडे बघून परत एकदा विचारून खात्री केली आणि फोन लावला. यामानोतेची गाडी गोल फिरते, म्हणजे काठी आईला सोडून शहराला फेरी मारायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या स्टेशनच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत ती मिळाली. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, त्यावर तारीख, वेळ आणि तेच दोन आकडे, ६ आणि ३. चिठ्ठी मुलाने ठेवून घेतलीय.

मग आईच म्हणाली, आता मला गुडघ्यांच्या देवाकडे न्या. हॉटेलातल्या मुलीने तिला सुगामोचं सांगून ठेवलं होतं. ओत्सुकाहून एका डब्याची ट्रॅम जाते. तिचा फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत, पायरी नाहीच. आई पहिल्यांदा कोणाचा हात न धरता चढली. आत बहुतेक आजी-आजोबा. चालकाने आरशात बघितलं, आई बसली, मग गाडी हलली. दुसऱ्याच थांब्यावर उतरलो, कोशिनझुका. तिथून सुगामोच्या बाजाराची गल्ली सुरू होते. ती म्हाताऱ्यांचीच गल्ली आहे. दुकानातल्या किमती मोठ्या अक्षरांत, माल हाताला येईल एवढ्या उंचीवर, आणि सगळे आईच्याच चालीने चालत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला आईसाठी वेग कमी करावा लागतोय असं वाटलं नाही.

गल्लीच्या पुढच्या अंगाला कोगानजी नावाचं देऊळ आहे. अंगणात कान्नोनची, म्हणजे आपल्याकडच्या अवलोकितेश्वराची, एक दगडी मूर्ती उभी आहे. आपलं जे दुखतं तो मूर्तीचा भाग ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसायचा. रांग होती. कोणी खांदा पुसत होतं, कोणी डोळे. आईची पाळी आली तेव्हा तिने आधी वाकून नमस्कार केला, मग उजवा गुडघा पुसला, मग डावा, मग परत उजवा, कारण तो जास्त दुखतो. तिच्या मागे चाकाचा आधार घेऊन एक आजी उभ्या होत्या. त्यांनी आईच्या खांद्याला हात लावला, आपल्या गुडघ्याकडे बोट केलं, मग आईच्या गुडघ्याकडे, आणि दोघी हसायला लागल्या. आजींनी आईच्या हातातलं फडकं घेतलं, नीट पिळून दाखवलं आणि परत दिलं. आई मराठीत बोलत होती, त्या जपानीत. दोघींपैकी कोणी थांबलं नाही. मी फोटो काढायला फोन वर केला आणि खाली ठेवला.

आठ दिवसांत आईला अनोळखी माणसाचा हात लागला तो तेवढाच.

वाटसरू

ओवी, आईंना देवळाची आवड दिसते म्हणून सांगतो. आसाकुसाच्या सेन्सोजीला सगळेच जातात, लाल कंदिलाखाली फोटो काढतात आणि परत फिरतात. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सुमिदा नदीजवळच्या एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, ती बंद असते. दर्शन म्हणजे बंद दारासमोर हात जोडायचे. आणि नैवेद्याला पांढरा मुळा! देवळातच मिळतो. भिंतींवर, पायऱ्यांवर, जिथे तिथे मुळ्यांची जोडी आणि नाड्यांची थैली कोरलेली आहे. मोदकाच्या जागी मुळा बघून मी पहिल्यांदा थबकलो, पण हात जोडले तेव्हा वेगळं काही वाटलं नाही. पायऱ्यांची काळजी नको, वयस्कर भक्तांसाठी टेकाडावर चढणारा एक छोटा डबा आहे, फुकट. उएनोच्या तळ्यात मधोमध देऊळ आहे ते बेन्तेनचं, म्हणजे सरस्वतीचं. तुम्ही उएनोला गेला होतात म्हणून विचारतो, ते पाहिलंत का?

ओवी

वाटसरू, तळं पाहिलं, देऊळही बाहेरून पाहिलं, सरस्वती आहे हे माहीत नव्हतं. आईला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, तिला कळलं असेल की आपण बाहेरून हात जोडले.

काल रात्री तिला सगळा धागा वाचून दाखवला. पश्चिमकासाई, तुमचं ते काही न बोलता उठून दारापाशी जाण्याचं वाचलं तशी तिने मला थांबवलं. म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाली, "अगं, तुम्ही दोघं नकाशात डोकं घालून उभे होतात. आपण त्या राखीव जागांपासून मधे सरकलो ना, तेव्हा माझ्या पुढ्यातली मुलगी उठली होती. कोमागोमेच्या आधी. मला वाटलं तिचं स्टेशन आलं. ती दारापाशी जाऊन उभी राहिली, पण उतरली नाही."

मी विचारलं, तू बसली का नाहीस? तर म्हणाली, "मला वाटलं तिची जागा आहे, ती परत येईल."

मुलगा शेजारीच होता. त्याला विचारलं, कशी होती ती? त्याने चित्र काढत काढतच सांगितलं. निळा कोट, हातात पारदर्शक छत्री. उएनोला आपल्याला वाट द्यायला खाली उतरली होती तीच.

जागा निप्पोरीपर्यंत रिकामी होती, असं आई म्हणते.